राणीच्या बागेतले डॉक्टर

मराठवाड्यातून मुंबईला गेलेले कुटुंब एकदा तरी राणीच्या बागेत जातेच. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठूनही नातेवाइकांकडे आलेली मंडळी पोरांना घेऊन भायखळ्याला उतरतात, पेंग्विन आणि वाघ पाहतात आणि दमून परत निघतात. बागेच्या फाटकाशेजारीच एक जुनी देखणी इमारत आहे. तिच्यावरची पाटी फार थोडे लोक वाचतात: डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे डॉक्टर कोण, हा प्रश्न मुंबईकराने विचारावाच, पण हिंगोलीकराने तर आवर्जून विचारावा. या डॉक्टरांनी रोगी तपासता तपासता जे लेखन केले, त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या वेशीवरच्या वाशीमच्या राजघराण्याबद्दल आहे. आणि ज्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे, त्याची वाटचाल म्हणजे लोकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या एका संस्थेची दीडशे वर्षांहून मोठी गोष्ट आहे.

ती सुरू होते लंडनपासून. १८५१ मध्ये तिथे जगभरातल्या कारागिरीचे आणि उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले. हिंदुस्थानातून पाठवलेले कापड, धातुकाम, लाकूडकाम, धान्ये, रंग आणि तेलबिया पाहून युरोपचे व्यापारी चकित झाले. अशा वस्तूंचा कायमचा संग्रह इथेही असावा, या विचारातून मुंबईत किल्ल्यातल्या टाउन बराकीत एक सरकारी संग्रहालय सुरू झाले. त्याचे काम डॉ. जॉर्ज बुइस्ट या पत्रकाराकडे होते. इतक्यात १८५७ चा उठाव झाला. बराक शिपायांसाठी रिकामी करण्याचा हुकूम निघाला आणि वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. पुष्कळ मोडल्या, पुष्कळ गहाळ झाल्या. उरलेले गोळा करून पुन्हा मांडण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी अंगावर घेतले. बर्डवुडही भाऊ दाजींसारखे वैद्यकातलेच. या संस्थेच्या आरंभी डॉक्टरांची ही वर्दळ दिसते, त्याला कारण आहे. त्या काळी वनस्पती, खनिजे, औषधे आणि जनावरे यांचा पद्धतशीर अभ्यास करायला शिकवणारी जागा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय. वस्तू हाताळून, तिची तिच्या भावंडांशी तुलना करून, नाव देऊन ठेवण्याची सवय डॉक्टरांनाच होती.

१८५८ च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा मुंबईत वाचला गेला. पुढच्याच महिन्यात शहरातल्या प्रमुख नागरिकांची सभा भरली आणि राणीच्या नावाने बाग व संग्रहालय उभारण्यासाठी वर्गणी काढायचे ठरले. या खटपटीत बर्डवुड यांच्याबरोबर दोन मराठी माणसे पुढे होती: जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी. नानांचा शब्द पेढीवर चालायचा आणि भाऊंचा घराघरांत. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू, इंग्रज अशा सगळ्यांनी पैसे घातले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी भायखळ्यात इमारतीची कोनशिला बसवली. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस बंद पडला होता, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशांचा पूर लोटला होता. पुढे युद्ध थांबले, भाव कोसळले आणि १८६५ च्या जुलैमध्ये शेअरबाजार बुडाला. त्याच महिन्याच्या अखेरीस नाना शंकरशेट वारले. भाऊ दाजींची स्वतःची मिळकतही या बुडीत गेली. वर्गणीचा पैसा आटला, भिंती अर्धवट राहिल्या आणि शेवटी सरकारला काम हाती घेऊन पुरे करावे लागले. २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी खुले झाले. कोनशिला ते दार उघडणे यात जवळपास दहा वर्षे गेली.

या दहा वर्षांत आणि त्याआधी भाऊ दाजी काय करत होते, ते पाहिले की माणसाचा आवाका कळतो.

त्यांचे पाळण्यातले नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. मूळ गाव गोव्यातल्या पेडण्याजवळचे मांद्रे. घरची गरिबी. लहानपणीच मुंबईला आले, बुद्धिबळात तरबेज झाले, एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तिथेच शिकवू लागले. वयाच्या विशीत त्यांनी काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येवर इंग्रजीत निबंध लिहिला आणि त्याला सहाशे रुपयांचे बक्षीस मिळाले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाल्यावर ते पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. शिक्षकाची पक्की नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी व्हायचे, तेही मृतदेह चिरण्याला समाजात प्रचंड विरोध असताना, याला मोठी छाती लागते. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

१८५२ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. ही पश्चिम हिंदुस्थानातली पहिली राजकीय सभा. तिच्यात भाऊ दाजी चिटणीस होते. ईस्ट इंडिया कंपनीची सनद पुन्हा वाढवायची की नाही, हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपुढे येणार होता, म्हणून असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कारभार फार खर्चिक आहे आणि मोठ्या जागांवर एतद्देशीयांना घेत नाहीत, अशी तक्रार त्यात पुराव्यानिशी मांडली होती. काँग्रेस जन्माला यायला तेव्हा तेहतीस वर्षे बाकी होती. विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्र सभा मुलींसाठी शाळा चालवत असे. भाऊ दाजी तिचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले आणि लोहार चाळीतली मुलींची शाळा लोकांच्या तोंडी त्यांच्याच नावाची झाली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये ते होते. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये त्यांना मुंबईच्या शेरीफपदाचा मान मिळाला.

यातला एक प्रसंग थोडा थांबून सांगावा असा आहे. १८६१ मध्ये गुजराती पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर वल्लभपंथाच्या एका महाराजांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांच्या अनैतिक वागणुकीबद्दल करसनदासांनी आपल्या पत्रात लिहिले होते. खटल्यात महाराजांच्या आजाराबद्दल साक्ष द्यायला डॉक्टर लागले. मोठ्या धर्मगुरूविरुद्ध कोर्टात उभे राहून वैद्यकीय सत्य सांगणे म्हणजे श्रीमंत रोगी, जातीतले वजन आणि व्यवसायातले बस्तान, सगळेच पणाला लावणे. भाऊ दाजींनी साक्ष दिली. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांचा निकाल करसनदासांच्या बाजूने गेला. मला या साक्षीत त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली दिसते. पुढे शिलालेखांपुढे उभे राहिल्यावरही त्यांनी हेच केले. आधी कोणी काय सांगितले ते बाजूला ठेवून समोर जे दिसते ते तपासायचे आणि तेच सांगायचे.

आता त्यांच्या लेखनाकडे वळतो, कारण आपल्या भागाला ते इथे भेटतात.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा होती. तिच्या नियतकालिकात १८६० पासून भाऊ दाजींचे लेख येऊ लागले. संध्याकाळी दवाखाना संपवून हा माणूस पोथ्या, नाणी आणि शिलालेखांचे ठसे घेऊन बसायचा. नारायण दाजींना छायाचित्रणाचे वेड होते आणि भाऊ स्वतः मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. त्यामुळे शिलालेखाचा फोटो घेऊन अक्षरे पुन्हा पुन्हा पाहता येतील, हे त्यांना फार लवकर उमगले. जुनागढहून त्यांनी एका तरुणाला बोलावून घेतले, शिकवले आणि देशभर लेखांचे ठसे घ्यायला पाठवले. तो तरुण म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी. पुढे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. शिष्य स्वतःपेक्षा मोठा व्हावा, एवढे मन मोठे असणारे गुरू विद्येच्या क्षेत्रात कमीच.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, जसे हिंगोली होते. हिंगोलीला तर हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणीच होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर डाव्या बाजूला एक मोठा संस्कृत लेख कोरलेला आहे. ओळी झिजलेल्या, मधली अक्षरे गळालेली. डॉ. जेम्स बर्ड यांनी १८४७ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले होते, पण ते भरवशाचे नव्हते. भाऊ दाजींनी अजिंठ्याचे लेख नव्याने नकलून घेतले, वाचले आणि भाषांतरासह छापले. त्यातून वाकाटक राजांची नावे एकापाठोपाठ एक बाहेर आली: विंध्यशक्ती, प्रवरसेन आणि मग पुढच्या पिढ्या, थेट हरिषेणापर्यंत. हे लेणे खोदवणारा वराहदेव हा हरिषेणाचा सचिव. वाकाटक हे नाव तेव्हा काही ताम्रपटांतून अभ्यासकांना माहीत होते, पण अजिंठ्याची चित्रे आणि हे घराणे यांचे नाते भाऊ दाजींच्या या वाचनाने जगापुढे आले.

आपण इथे जरा थांबावे. हरिषेण ज्या शाखेचा, ती शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमहून राज्य करीत होती. हिंगोलीतून अकोल्याची गाडी पकडली तर वाटेत वाशीम लागतेच. तिथे १९३९ मध्ये एक ताम्रपट उजेडात आला. तो वत्सगुल्महून निघालेला, दुसऱ्या विंध्यशक्तीच्या कारकिर्दीतल्या ३७ व्या वर्षाचा. सुरुवात संस्कृतात आणि मुख्य मजकूर प्राकृतात. दान दिलेले गाव नांदीकटाच्या उत्तरेकडच्या मार्गावर होते असे त्यात म्हटले आहे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नांदीकट म्हणजे नांदेड असे ठरवले. नकाशा काढून पाहा. उत्तरेला वाशीम, दक्षिणेकडे नांदेड, मधे आपला जिल्हा. परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, पण हा मुलूख दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या राज्यकारभारात असा बसतो. वाशीमच्या या पत्र्यांमुळे मिराशींना अजिंठ्याच्या लेखातले, आधीच्या वाचनांत हुकलेले सर्वसेन हे नावही नीट ओळखता आले. सर्वसेन म्हणजे वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष आणि महाराष्ट्री प्राकृतातल्या 'हरिविजय' काव्याचा कवी.

म्हणजे भाऊ दाजींनी १८६० च्या दशकात सुरू केलेले वाचन १९४० च्या सुमारास मिराशींनी पुढे नेले आणि त्याला दुरुस्तीही केली. ही दुरुस्ती भाऊ दाजींना कमीपणा आणत नाही. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त, असे त्यांनी एका लेखात मांडले होते. विद्वानांनी ते मान्य केले नाही. अंबरनाथच्या शिवालयाचा लेख त्यांनी शके ७८२ चा वाचला, पण तो शके ९८२ चा असल्याचे भगवानलालांनी दाखवले. दुसरीकडे आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ मध्ये झाला, हे त्यांनी ग्रंथाच्याच आधाराने पक्के केले आणि ती तारीख आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. नाशिकच्या लेण्यांतले जुने अंक उलगडले, गिरनारच्या खडकावरचे रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचे लेख नव्याने वाचले. जे चुकले ते इतरांनी दुरुस्त करावे, यासाठी आधी कोणीतरी मूळ लेखासमोर जाऊन आपले वाचन छापायला लागते. ते धाडस त्यांनी केले.

त्यांचे आणखी एक टिपण आपल्या जिल्ह्याला जवळचे आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंतांवर त्यांनी लिहिले. औंढा नागनाथाच्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो, पण हेमाद्री हे नाव आपल्या तोंडी बांधकामापुरतेच उरले आहे. प्रत्यक्षात हा देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला मोठा अधिकारी, 'चतुर्वर्गचिंतामणी' या अवाढव्य धर्मग्रंथाचा कर्ता आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिणारा. राज्यकारभार, वैद्यक आणि ग्रंथरचना एकाच माणसात. सहाशे वर्षांनंतरच्या एका डॉक्टरने, जो स्वतः सार्वजनिक कारभारात बुडालेला होता, त्याच्याबद्दल लिहावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. औंढ्याला गेल्यावर देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पे पाहताना दोघांची आठवण यावी. खालच्या थरात हत्ती, वर देवता, त्यात अर्धवट झिजलेल्या मूर्ती. ही सगळी नोंद करून ठेवायला, मोजायला, फोटो काढायला आजही माणसे हवी आहेत.

अशा माणसांची परंपरा जगात इतरत्रही आहे आणि तिथल्या लोकांनी तिचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेंजामिन रश नावाचे डॉक्टर होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी त्याआधीच, १७७३ मध्ये, पत्रक काढले होते. गरिबांसाठी मोफत दवाखाना सुरू करण्यात ते पुढे होते, मुलींच्या शिक्षणाबद्दल ते लिहीत होते आणि मनाच्या आजारांवरचा त्यांचा ग्रंथ १८१२ मध्ये आला. जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन या दोन माजी अध्यक्षांचे बंद पडलेले बोलणे त्यांनी पत्रे लिहून पुन्हा सुरू करून दिले. आणि याच डॉक्टरांनी १७९३ च्या पिवळ्या तापाच्या साथीत रोग्यांचे रक्त वाजवीपेक्षा कितीतरी जास्त काढले, ही चूकही तिथल्या इतिहासात लिहिलेली आहे. त्यांची पत्रे १९५१ मध्ये दोन खंडांत टिपांसह छापली गेली आणि त्यामुळे आज कोणालाही रश यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत वाचता येते. भाऊ दाजी आणि रश यांच्यात जवळपास ऐंशी वर्षांचे आणि दोन समुद्रांचे अंतर आहे. पण मोफत दवाखाना, राजकीय अर्ज, मुलींची शाळा आणि लेखणी हे सगळे एका डॉक्टरच्या दिवसात मावते, ही गोष्ट दोघांची सारखी आहे. फरक पुढच्यांनी केलेल्या संगोपनाचा आहे.

भाऊ दाजींचे वैद्यकीय लेखन फार थोडे छापले गेले, पण एक काम विसरता येणार नाही. कुष्ठरोगावर उपाय शोधण्याचा त्यांना ध्यास होता. कडू कवठ या आपल्या पश्चिम घाटातल्या झाडाच्या बियांचे तेल त्यांनी रोग्यांवर वापरून पाहिले आणि अनेक वर्षे त्याचे परिणाम टिपत राहिले. झाडाची ओळख त्यांनी काही काळ जाहीर केली नाही, त्यावर टीकाही झाली. पुढे याच कुळातल्या चौलमुगरा तेलावर जगभर कुष्ठरोगाचे उपचार उभे राहिले आणि १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत डॉक्टरांच्या हाती दुसरे काही नव्हते. ज्या रोगाचे नाव घ्यायला घरचे लोक घाबरत, त्या रोग्यांना त्यांनी आपल्या दवाखान्यात हात लावून तपासले.

शेवटी पक्षाघाताने त्यांचे शरीर खिळून राहिले आणि ३१ मे १८७४ रोजी, पन्नाशीच्या आसपास, ते गेले. संग्रहालयाचे दार उघडून दोनच वर्षे झाली होती. त्यांच्या पोथ्यांचा आणि वस्तूंचा संग्रह एशियाटिक सोसायटीकडे गेला, मुंबई विद्यापीठात संस्कृतासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले आणि १८८८ मध्ये कलकत्त्याहून रामचंद्र घोष यांनी त्यांचे विखुरलेले लेख एका इंग्रजी पुस्तकात एकत्र केले. मुंबईच्या माणसाचे लेखन कलकत्त्याने छापले. पुढे गोव्याचेच अ. का. प्रियोळकर यांनी मराठीत त्यांचे मोठे चरित्र लिहिले.

संग्रहालय मात्र आपल्या वाटेने चालत राहिले. सुरुवातीला तिथे धान्ये, तेले, लाकडाचे नमुने यांचा भर होता, म्हणजे व्यापाऱ्याला उपयोगी पडेल असे सगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कला महाविद्यालयाचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे त्याची जबाबदारी आली आणि मांडणीचा रोख बदलला. माती आणि प्लास्टरच्या छोट्या आकृती तयार करून मुंबईतले व्यवसाय, पोशाख आणि जाती दाखवायला सुरुवात झाली. वरच्या मजल्यावर त्या अजून पाहता येतात. पगड्यांचा एक गट आहे: एकाच काचेमागे निरनिराळ्या बांधणीची डोकी, प्रत्येकाची घडी वेगळी, टोक वेगळे, पीळ वेगळा. कारागिराने नखाएवढ्या जागेत कापडाची सुरकुती दाखवली आहे. आज हे कपडे घालणारे कोणी उरले नाहीत, पण एखाद्या आजोबांच्या फोटोत तशीच पगडी सापडते आणि मग त्या काचेपुढून माणूस हलत नाही.

इमारतीच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. त्याच्या अंगावरचे सांधे जवळून पाहिले की नीट दिसतात.

१९२२ मध्ये किल्ल्याजवळ प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडले आणि प्राचीन शिल्पांचे, चित्रांचे मोठे संग्रह तिकडे गेले. शहराचे लक्षही तिकडे गेले. भायखळ्याचे संग्रहालय महापालिकेच्या ताब्यात होते. बागेचे एक खाते म्हणून ते चालत राहिले. स्वातंत्र्यानंतर बागेला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले आणि १ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. राणी आणि तिच्या पतीच्या जागी, त्या इमारतीसाठी दारोदार वर्गणी मागितलेल्या डॉक्टरचे नाव लागायला शंभर वर्षे लागली. पण नाव बदलले म्हणून छत गळायचे थांबले नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत भिंतींत पाणी मुरले, लोखंडी खांब गंजले, सोनेरी नक्षीवर रंगाचे थर चढले.

२००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. इमारत महापालिकेची, पैसा मुख्यतः बजाज प्रतिष्ठानाचा आणि देखरेख इन्टॅकची, तस्नीम मेहता यांच्या पुढाकाराने. वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांनी इमारतीचे काम केले. छताच्या आतला जुना रंग खरवडून मूळ रंग कोणता होता ते शोधले, सोन्याचा वर्ख पुन्हा चढवला, मोडलेल्या मातीच्या आकृती एकेक करून दुरुस्त केल्या. २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला सर्वोच्च दर्जाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २००८ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री, आपल्या लातूरचे विलासराव देशमुख यांच्या हस्ते ते पुन्हा खुले झाले. १८५८ ला वर्गणी, १८६५ नंतर सरकारी तिजोरी, मग महापालिका आणि २००३ ला तिघांचा करार. सार्वजनिक संस्था टिकवायची तर प्रत्येक पिढीत कोणीतरी पुन्हा हिशेब मांडावा लागतो, हे या चार टप्प्यांत दिसते. आपल्याकडची जुनी ग्रंथालये आणि वाचनालये चालवणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

इमारतीचे संगोपन झाले. लेखनाचे व्हायचे आहे. भाऊ दाजींचे लेख इंग्रजीत आणि जुन्या नियतकालिकांत आहेत. मराठवाड्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाकाटकांबद्दल परीक्षेपुरत्या चार ओळी मिळतात, पण अजिंठ्याच्या त्या भिंतीपुढे उभा राहून अक्षर अक्षर लावणाऱ्या डॉक्टरचे स्वतःचे शब्द त्याला मराठीत वाचायला मिळत नाहीत. सगळे लेख एकदम आणायची गरज नाही. आधी तीन आणावेत: अजिंठ्याचे शिलालेख, हेमाद्रीवरचे टिपण आणि आर्यभट-वराहमिहिरांच्या काळाबद्दलचा लेख. प्रत्येकाखाली मिराशी, भगवानलाल आणि नंतरच्या अभ्यासकांनी केलेल्या दुरुस्त्या टिपांत द्याव्यात, म्हणजे वाचणाऱ्याला चूक आणि बरोबर दोन्ही कळेल. अजिंठ्याच्या लेखाबरोबर वाशीमच्या ताम्रपटाचा पाठ आणि नांदीकटाच्या मार्गाचा नकाशा छापावा. हे काम वाशीम, हिंगोली आणि नांदेडच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि संस्कृत विभागांनी मिळून करावे. तिन्ही गावे रेल्वेने एकमेकांना जोडलेली आहेत.